अठ्ठावीस दिवसांची मुदत: बार्बरा कॅसल आणि १९६९चं कामगार विधेयक

बार्बरा कॅसल १९४५ ते १९७९ अशी सलग ३४ वर्षं ब्लॅकबर्नच्या खासदार होत्या. नंतर दहा वर्षं युरोपीय संसदेत आणि १९९० पासून अखेरपर्यंत लॉर्ड्स सभागृहात बसल्या. मंत्री म्हणून चार खाती सांभाळली. समान वेतनाचा कायदा, ब्रिटनमधला बालक भत्ता, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची श्वासचाचणी या गोष्टी आजही त्यांच्या नावावर आहेत. या लेखात मात्र त्यांच्या एका पराभवाचा विचार करायचा आहे. जानेवारी ते जून १९६९ या सहा महिन्यांत त्यांनी संपांबाबत एक कायदा आणायचा प्रयत्न केला. तो कोसळला, सोबत सरकारची पतही गेली आणि मजूर पक्षाचं पुढचं दशक त्या सावलीत गेलं.

माझ्या मते बाईंचं दुखण्याचं निदान बरोबर होतं. पण ज्यांच्या मतांवर कायदा मंजूर व्हायचा होता त्यांना सगळ्यात शेवटी विचारलं गेलं, आणि मग घाई झाली. हे कसं घडलं ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

पार्श्वभूमी

बार्बरा बेट्स यांचा जन्म १९१० चा. वडील आयकर निरीक्षक आणि कट्टर समाजवादी. ब्रॅडफर्डमध्ये मजूर चळवळीचं एक पत्र ते चालवत. घरात राजकारण जेवणाइतकंच रोजचं. मुलगी ऑक्सफर्डला शिकली, लंडनच्या सेंट पँक्रस भागात नगरसेवक झाली, पत्रकारिता केली. १९४४ मध्ये टेड कॅसल या पत्रकाराशी लग्न झालं. पुढच्या वर्षी ब्लॅकबर्नच्या उमेदवारीची यादी ठरत होती. तिथल्या मजूर पक्षातल्या बायकांनी बजावलं की यादीत एकही बाई नसेल तर आम्ही पक्षाचं काम सोडू. त्या आग्रहामुळे यादीत जागा मिळाली, आणि बाईंनी ती निवडणूक मारली.

संसदेत गेल्यावर त्या स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या संसदीय खाजगी सचिव झाल्या. १९४२ मध्ये युद्धकाळात तडजोडीचा प्रस्ताव घेऊन दिल्लीत आलेले ते हेच क्रिप्स. त्यांच्यानंतर त्या खात्यात हॅरॉल्ड विल्सन आले आणि बाई त्यांच्याही सचिव राहिल्या. ही ओळख पुढे फार महत्त्वाची ठरली. १९६४ मध्ये विल्सन पंतप्रधान झाले तेव्हा त्यांनी बाईंना मंत्रिमंडळात घेतलं: आधी परदेशी विकास साहाय्य, डिसेंबर १९६५ मध्ये वाहतूक.

वाहतूक खात्यातला अनुभव इथे सांगायलाच हवा, कारण मला वाटतं १९६९च्या चुकीचं बीज तिथे आहे. ज्या बाईला स्वतःला गाडी चालवता येत नाही ती आम्हाला शिकवणार, असा गदारोळ उठला. ताशी ७० मैलांची मर्यादा कायम झाली, ऑक्टोबर १९६७ पासून श्वासचाचणी सुरू झाली. मंत्रालयात शिव्यांची आणि धमक्यांची पत्रं येऊन पडत. बाई मागे हटल्या नाहीत. रस्त्यावरचे मृत्यू कमी झाले आणि ओरड आपोआप थांबली. मुद्दा बरोबर असेल, अभ्यास पक्का असेल आणि ताठ उभं राहिलं तर लोक शेवटी मान्य करतात, हा धडा त्यांनी तिथे घेतला असणार. तो वाहनचालकांपुरता खरा होता. वाहनचालकांची संघटना काही मजूर पक्ष चालवत नव्हती.

एप्रिल १९६८ मध्ये विल्सन यांनी त्यांना रोजगार आणि उत्पादकता हे नवं खातं दिलं, सोबत मंत्रिमंडळातला वरचा दर्जा. दोन महिन्यांत डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात गाड्यांच्या सीटांचे कपडे शिवणाऱ्या १८७ बायकांनी संप केला. त्यांचं काम अकुशल श्रेणीत टाकलं होतं, आणि त्या श्रेणीतल्या पुरुषांपेक्षाही त्यांना पगार कमी होता. सीटच नाहीत म्हटल्यावर गाड्या बाहेर पडेनात. बाईंनी त्यांच्या प्रतिनिधींना मंत्रालयात चहाला बोलावलं आणि पुरुषांच्या दराच्या ९२ टक्क्यांवर समेट झाला. कामाच्या श्रेणीचा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. यातूनच १९७० चा समान वेतन कायदा आला. म्हणजे संप करणाऱ्यांकडे या बाई शत्रू म्हणून पाहत नव्हत्या. पुढचं सगळं वाचताना हे विसरता कामा नये.

प्रश्न काय होता

नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं होतं. एका पौंडाचे २ डॉलर ८० सेंट मिळत, ते २ डॉलर ४० सेंटवर आले. सरकारला निर्यात वाढवायची होती आणि कारखाने सारखे थांबत होते. दीर्घ, मोठे संप इथे फारसे नव्हतेच. अडचण होती ती संघटनेच्या कार्यालयाला न विचारता कारखान्यातल्या कामगार-प्रतिनिधींच्या इशाऱ्यावर होणाऱ्या छोट्या, अचानक कामबंदीची. लॉर्ड डोनोव्हन यांच्या आयोगानं जून १९६८ मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की देशातले सुमारे ९५ टक्के संप या प्रकारचे आहेत. वर राष्ट्रीय पातळीवर करार होतात, खाली कारखान्यात वेगळेच व्यवहार चालतात, आणि दोन्हींचा मेळ नाही.

नोव्हेंबर १९६८ मधला गर्लिंग कंपनीचा संप हे याचं ठळक उदाहरण. चेशरमधल्या या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक बनत. तेलाची झडप कोणत्या संघटनेच्या माणसानं फिरवायची, यावरून वाद झाला आणि २२ कामगार बाहेर पडले. ब्रेक नाहीत म्हणून गाड्यांचे कारखाने अडले आणि पाच हजारांवर कामगार घरी बसले. त्या पाच हजारांपैकी कुणाचाच त्या झडपेशी संबंध नव्हता. त्यांना बैठ्या दिवसांचा पगार कोण देणार? बाईंना बोचत होतं ते हे. कामगाराचं नुकसान कामगारच करतो आणि त्यावर बोलायला चळवळीत कुणी तयार नाही.

दुसऱ्या बाजूनं हुजूर पक्षानं एप्रिल १९६८ मध्येच आपला कार्यक्रम जाहीर केला होता: करार कायद्यानं बंधनकारक, न मानल्यास न्यायालय. लोकांना तो पटत होता. मजूर सरकारनं काहीच केलं नाही तर पुढच्या निवडणुकीत हा मुद्दा आयता त्यांच्या हाती जाणार होता.

कामगार संघटनांची भीती कशातून आली होती तेही समजून घ्यायला हवं. १९०१ मध्ये टॅफ व्हेल रेल्वे कंपनीच्या खटल्यात संपाची भरपाई संघटनेकडून वसूल करायचा निकाल लागला होता. त्या निकालाचा धक्का मजूर पक्ष वाढण्यामागचं एक मोठं कारण होता. १९०६ च्या कायद्यानं संघटनांना संरक्षण मिळालं आणि तेव्हापासून न्यायालयाला कारखान्याच्या दारात येऊ द्यायचं नाही, ही चळवळीची श्रद्धाच झाली. युद्धकाळातली एक आठवणही ताजी होती. १९४२ च्या सुरुवातीला केंटमधल्या बेट्सहँगर कोळसा खाणीत संप झाला. हजारभर खाणकामगारांना दंड झाला, तिघा पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. कोळसा मात्र निघेना. शेवटी सरकारला पुढाऱ्यांना सोडावं लागलं आणि दंड जवळजवळ कुणीच भरला नाही. डोनोव्हन आयोगानं हे प्रकरण अहवालात मुद्दाम घेतलं होतं.

मराठी वाचकाला एक गोष्ट विचित्र वाटेल. समेट चालू असताना संपाला बंदी ही आपल्याकडे जुनी तरतूद आहे. मुंबई प्रांतात १९३८ मध्ये खेर मंत्रिमंडळानं औद्योगिक विवाद कायदा केला, त्यात सक्तीचा समेट होता आणि त्या काळात संप बेकायदा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. कायदा तरीही झाला. ब्रिटनमध्ये मात्र तीस वर्षांनंतरही अशा तरतुदीचं नुसतं नाव काढणं पाप समजलं जात होतं.

समोरचे पर्याय

बाईंपुढे ढोबळमानानं तीन रस्ते होते. पहिला, डोनोव्हन आयोगाचा: एक औद्योगिक संबंध आयोग नेमा, संघटना आणि मालकांना करार सुधारायला लावा, शिक्षा नको. याला वेळ लागला असता, पण कुणी भांडलं नसतं. दुसरा, हुजूर पक्षाचा: करार बंधनकारक करा. तो मजूर पक्षाचा मंत्री घेऊच शकत नव्हता.

तिसरा बाईंनी नोव्हेंबर १९६८ मध्ये सनिंगडेल इथे अधिकारी, तज्ज्ञ आणि मोजक्या सहकाऱ्यांसोबत शनिवार-रविवारच्या बैठकीत उभा केला. संघटनांना आजवर न मिळालेले हक्क द्यायचे: प्रत्येकाला संघटनेत जायचा अधिकार, मान्यता नाकारणाऱ्या मालकावर दबाव, अन्यायानं कामावरून काढल्यास दाद, संघटनांच्या सुधारणेसाठी सरकारी पैसा. त्या बदल्यात मंत्र्याला तीन अधिकार. अचानक संप झाला तर कामगारांना २८ दिवस कामावर परत जायचा आदेश, त्या काळात समेटाची बोलणी. देशाला झळ पोचेल अशा मोठ्या संपाआधी कामगारांचं मतदान घ्यायला लावायचा अधिकार. आणि दोन संघटनांच्या आपसातल्या भांडणात अखेरचा निवाडा. आदेश मोडला तर दंड. दंड भरला नाही तर तुरुंग नाही, पगारातून कापायचा. बेट्सहँगर पुन्हा घडू नये याची काळजी त्यात दिसते.

कागदावर मला हा तोल आजही सुंदर वाटतो. पण यातली दहा कलमं कामगारांच्या बाजूची आणि तीन विरोधातली, म्हणून एकंदरीत फायदाच, असा हिशेब समोरचा माणूस करत नाही. त्याला दंडाचं कलम तेवढं दिसतं. बाई कधी कुठल्या संघटनेच्या पदाधिकारी नव्हत्या, चळवळीतल्या असल्या तरी त्या पत्रकारितेतून आणि पक्षातून आल्या होत्या. गेटवर उभं राहून सभासदांना तडजोड पटवून द्यायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

पहिला निर्णय: आधी कुणाला सांगायचं

डिसेंबरमध्ये मसुदा तयार झाला. टीयूसी म्हणजे ट्रेड्स युनियन काँग्रेस, सुमारे ९० लाख सभासदांची मध्यवर्ती संघटना. तिचे सरचिटणीस जॉर्ज वुडकॉक यांना बाईंनी मसुदा खाजगीत दाखवला. त्यांनी फार आदळआपट केली नाही. बाईंना धीर आला. मग वर्षअखेरीला टीयूसीच्या पुढाऱ्यांपुढे योजना मांडली. मंत्रिमंडळासमोर विषय आला तो त्यानंतर, जानेवारी १९६९ च्या सुरुवातीला.

हा उलटा क्रम सहकाऱ्यांना झोंबला. मंत्रिमंडळातले रिचर्ड क्रॉसमन बाईंचे जुने मित्र, त्यांनाही राग आला. मंत्रिमंडळापुढे ठेवायच्या आधी बाहेर गेलेला कागद बदलायचा तरी कसा? गृहमंत्री जिम कॅलाहन यांनी पहिल्या दिवसापासून विरोध केला. ते पक्षाचे खजिनदार होते आणि तरुणपणी आयकर कर्मचाऱ्यांच्या संघटनेत पदाधिकारी होते. पक्षाच्या तिजोरीत पैसा येतो तो कामगार संघटनांकडून, हे त्यांना पाठ होतं.

बाईंनी असं का केलं? टीयूसीला अंधारात ठेवलं तर ते बिथरतील, अशी त्यांना धास्ती होती. विल्सन यांचा भक्कम पाठिंबा आहे, तेव्हा मंत्रिमंडळ सांभाळता येईल असा भरवसाही होता. दोन्ही अंदाज हुकले. वुडकॉक यांच्या सौम्यपणाला टीयूसीचा कौल समजणं ही तर मोठीच चूक. ते थकलेले होते, मार्चमध्ये पद सोडून नव्या औद्योगिक संबंध आयोगावर गेले. त्यांच्या जागी आले व्हिक फेदर. ते ब्रॅडफर्डचे, बाईंच्या वडिलांना आणि बाईंना तरुणपणापासून ओळखणारे. जुनी ओळख उपयोगी पडायला हवी होती. प्रत्यक्षात दोघांचं एकमेकांशी कधी जमलं नाही.

दुसरा टप्पा: विरोध वाढत गेला

१७ जानेवारीला श्वेतपत्रिका निघाली. वृत्तपत्रांनी कौतुक केलं, जनमत बाजूनं होतं. पण ३ मार्चला संसदेत मतदान झालं तेव्हा पन्नासहून अधिक मजूर खासदारांनी विरोधात मत दिलं आणि बरेच तटस्थ राहिले. २६ मार्चला पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत अशा कायद्याविरुद्ध ठराव १६ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला, आणि गृहमंत्री कॅलाहन यांनी स्वतःच्या सरकारच्या धोरणाविरुद्ध हात वर केला. विल्सन यांनी त्यांना काढलं नाही. मंत्रिमंडळातल्या माणसाला उघड विरोध करूनही पद राखता येतं, हे सगळ्या पक्षानं त्या दिवशी पाहिलं.

याच सुमारास फोर्ड कंपनीत पुन्हा संप पेटला. नव्या करारात अचानक संप करणाऱ्यांचे काही लाभ कापायचं कलम होतं, त्यावरून. कंपनी न्यायालयात गेली आणि हरली, कारण असे सामूहिक करार कायद्यानं बंधनकारक नाहीत, असा निकाल लागला. कामगारांच्या मनात दंडाचं कलम आणि मालकाची खटलेबाजी एकच झाली. कॅसलबाईंच्या श्वेतपत्रिकेचा त्या कराराशी काही संबंध नव्हता, पण कारखान्याच्या कँटीनमध्ये हा फरक कोण समजावणार?

तिसरा निर्णय: एप्रिलची घाई

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा. मूळ बेत असा होता की १९६९ हे वर्ष चर्चेत घालवायचं आणि पूर्ण, सविस्तर विधेयक पुढच्या अधिवेशनात आणायचं. एप्रिलमध्ये बेत बदलला. अर्थमंत्री रॉय जेंकिन्स यांनी १५ एप्रिलच्या अर्थसंकल्पी भाषणात जाहीर केलं की एक छोटं औद्योगिक संबंध विधेयक याच अधिवेशनात येईल. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यातली कलमं सांगितली.

कारणं समजण्यासारखी होती. वेतन गोठवण्याचे अधिकार सरकार सोडून देणार होतं, मग परदेशी सावकारांना दाखवायला दुसरं काहीतरी कडक हवं. शिवाय वर्षभर चर्चा केली तर विरोधकांना वर्षभर संघटन करायला मिळेल, ही भीती. पण छोट्या विधेयकात काय ठेवलं आणि काय वगळलं ते पाहा. संपाआधीच्या मतदानाची तरतूद वगळली. २८ दिवसांची मुदत आणि दंड ठेवला. कामगारांच्या बाजूची मोजकी कलमं आली, बाकीची पुढच्या विधेयकावर ढकलली. तोल सांभाळणं हीच ज्या योजनेची सगळी ताकद होती, तिची शिक्षेची बाजू आधी आणि बक्षिसाची नंतर, असं झालं. बाईंनी याला होकार दिला. त्यांच्यासारख्या बारीकसारीक तपशील बघणाऱ्या मंत्र्यानं तो का दिला, हे मला आजही पूर्ण उलगडत नाही. मला दिसतं ते इतकंच की त्या एकट्या पडत चालल्या होत्या आणि जेंकिन्स यांच्यासारखा वजनदार साथीदार गमावणं त्यांना परवडत नव्हतं.

विल्सन यांनी मग मागे यायची वाटच बंद केली. हे विधेयक मंजूर होणं सरकार टिकण्यासाठी आवश्यक आहे, असं त्यांनी मजूर खासदारांच्या बैठकीत सांगून टाकलं. मुख्य प्रतोद बदलले, कडक शिस्तीचे बॉब मेलिश आणले. पण मेच्या सुरुवातीला खासदारांच्या गटाचे अध्यक्ष डग्लस हॉटन यांनीच जाहीर इशारा दिला की या कायद्यातून जे मिळेल त्यापेक्षा पक्षाचं नुकसान जास्त आहे. हे हॉटन कॅलाहन यांच्या जुन्या संघटनेतले त्यांचे वरिष्ठ. धागे कसे जुळलेले होते पाहा, आणि बाईंच्या बाजूनं असा एकही धागा नव्हता.

चौथा निर्णय: कुठल्या कागदावर थांबायचं

टीयूसीनं आपला पर्यायी कार्यक्रम तयार केला आणि ५ जूनला क्रॉयडनला खास अधिवेशन भरवून प्रचंड बहुमतानं मंजूर केला. संघटना-संघटनांतली भांडणं मध्यवर्ती समिती मिटवेल, हे त्यांनी मान्य केलं. ही त्यांच्या दृष्टीनं मोठी गोष्ट होती आणि सरकारी दबावाशिवाय ती झाली नसती. अचानक संपांबाबत मात्र समिती सल्ला देईल, इतकंच. सभासद संघटनेनं सल्ला मानला नाही तर काय, याला उत्तर नव्हतं.

त्याआधी, १ जूनला, विल्सन यांनी चेकर्स या पंतप्रधानांच्या खेड्यातल्या निवासस्थानी गुप्त जेवण ठेवलं. बाई इटलीत सुट्टीवर होत्या, त्यांना हवाईदलाच्या विमानानं आणलं. समोर फेदर, वाहतूक कामगारांचे जॅक जोन्स आणि इंजिनिअरिंग कामगारांचे ह्यू स्कॅनलन. जोन्स आणि स्कॅनलन दोघेही कारखान्यातल्या प्रतिनिधींच्या बळावर वर आलेले. त्याच प्रतिनिधींवर दंड बसणार, याला ते संमती देणं शक्यच नव्हतं. तुमचे रणगाडे माझ्या अंगणातून काढा, असं विल्सन स्कॅनलनना म्हणाले, अशी त्या रात्रीची आठवण पुढे प्रसिद्ध झाली.

१७ जूनच्या मंत्रिमंडळ बैठकीत सगळं संपलं. विधेयक मंजूर करायला मतं नाहीत, असं मेलिश यांनी स्पष्ट सांगितलं. सनिंगडेलपासून सोबत असलेले मंत्री पीटर शोर फिरले. जेंकिन्स यांनीही साथ सोडली. आता फक्त विल्सन आणि कॅसल उरले. दुसऱ्या दिवशी, १८ जूनला, टीयूसीशी समझोता झाला. बाईंना आणि विल्सनना टीयूसीच्या घटनेतला नियम बदलून हवा होता. टीयूसीनं ते नाकारलं आणि त्याऐवजी एक ‘पवित्र आणि बंधनकारक’ वचन दिलं की अचानक संपात आम्ही हस्तक्षेप करू. विधेयक मागे घेतलं गेलं.

परिणाम

वचनाचा परिणाम फारसा दिसला नाही. संपांमुळे वाया गेलेले कामाचे दिवस १९७० मध्ये एक कोटीच्या पुढे गेले. १८ जून १९७० ला, समझोत्याला बरोबर एक वर्ष होत असताना, निवडणूक झाली आणि मजूर पक्ष हरला.

एडवर्ड हीथ यांच्या हुजूर सरकारनं १९७१ मध्ये बाईंच्या योजनेपेक्षा कितीतरी कठोर कायदा आणला. विरोधी बाकावरून त्याच्याविरुद्ध बोलायची जबाबदारी आली ती बाईंवरच. जुलै १९७२ मध्ये त्या कायद्याखाली पाच गोदी कामगार पेंटनव्हिल तुरुंगात गेले, देशभर संप उसळला आणि त्यांना सोडावं लागलं. बेट्सहँगरचीच पुनरावृत्ती. १९७४ मध्ये परत आलेल्या मजूर सरकारनं तो कायदा रद्द केला.

बाईंची कारकीर्द मात्र संपली नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. १९७० मध्ये त्यांनी समान वेतन कायदा पार पाडला. १९७४ ते १९७६ आरोग्य आणि समाजकल्याण खातं त्यांच्याकडे होतं. मुलांसाठीचा भत्ता थेट आईच्या हातात देणारा १९७५ चा कायदा तेव्हाचा, आणि कमाईशी जोडलेलं सरकारी निवृत्तिवेतनही तेव्हाचंच. एप्रिल १९७६ मध्ये कॅलाहन पंतप्रधान झाले आणि तरुण रक्त हवं म्हणून त्यांनी बाईंना वगळलं. कॅलाहन त्यांच्यापेक्षा अवघ्या दीड वर्षानं लहान होते.

१९७८-७९ च्या हिवाळ्यात कॅलाहन यांच्या सरकारविरुद्ध संपांची लाट आली. कचरा रस्त्यावर साचला, काही ठिकाणी प्रेतं पुरायची राहिली. १९७९ या वर्षात सुमारे २ कोटी ९५ लाख कामाचे दिवस बुडाले. मे महिन्यात हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचरबाई सत्तेवर आल्या.

काय वेगळं करता आलं असतं

१९६९ चा कायदा झाला असता तर थॅचर आल्याच नसत्या, असं पुष्कळजण लिहितात. मला ते पटत नाही. दंडाची कलमं मंजूर झाली असती तरी ती राबवताना पहिल्याच मोठ्या संपात सरकार अडचणीत आलं असतं. हजारो कामगारांच्या पगारातून दंड कापायला कुठला मालक पुढे आला असता? कापणी सुरू होताच दुसरा संप झाला असता. याचं उत्तर बाईंच्या कागदात नव्हतं.

क्रम बदलता आला असता. डिसेंबरमध्ये आधी मंत्रिमंडळ, मग टीयूसी. कॅलाहन तरीही विरोधातच राहिले असते, पण क्रॉसमन यांच्यासारखे मधले लोक दुखावले नसते, आणि मार्चमध्ये कार्यकारिणीत मत देणाऱ्या गृहमंत्र्याला सामूहिक जबाबदारीची आठवण ठणकावून देता आली असती. ज्यांना आधी विचारलंच नाही त्यांच्याकडून निष्ठा मागणं अवघड असतं.

मूळ वेळापत्रक धरून ठेवता आलं असतं. एप्रिलमध्ये जेंकिन्सना नकार देणं बाईंना शक्य होतं, कारण खातं त्यांचं होतं. कामगारांचे हक्क देणारं पूर्ण विधेयक आधी पुढे आणलं असतं तर टीयूसीला त्याला विरोध करणं जड गेलं असतं. त्याचबरोबर फेदर आणि मंडळींना क्रॉयडनला जे द्यावं लागलं ते दबावाखालीच, हेही खरं. म्हणजे धमकी उपयोगी होती, फक्त ती वर्षभर टांगती ठेवायला हवी होती. सरकार पणाला लावल्यावर विल्सन यांच्याकडे धमकी उरली नाही, फक्त मुदत उरली, आणि मुदत संपेपर्यंत थांबणं टीयूसीला सोपं होतं.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न: कुठलं कलम टाकायचं नि कुठलं राखायचं. बाईंनी एप्रिलमध्ये सगळ्यात आधी मतदानाची तरतूद सोडली, २८ दिवसांची मुदत शेवटपर्यंत धरून ठेवली. मुदतीत कामगाराला सरकार हुकूम सोडतं. मतदानात संपाचा निर्णय कामगारच करतो, फक्त गेटवरच्या गर्दीत हात वर करून नाही तर मतपत्रिकेवर. लोकशाहीवर उभ्या असलेल्या चळवळीला याविरुद्ध बोलणं कठीण गेलं असतं. बाईंच्या आराखड्यात हे मतदान मंत्र्याच्या आदेशानं व्हायचं होतं. ते संघटनांच्याच नियमांत आणायचा आग्रह धरला असता, तर दंडाची गरजच कमी झाली असती, असं मला वाटतं. पुढे १९८४ मध्ये थॅचर सरकारनं संपाआधीचं मतदान ही संघटनांच्या कायदेशीर संरक्षणाची अट केली. १९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला तेव्हा त्यानं ती अट काढली नाही. त्या सरकारचे गृहमंत्री होते जॅक स्ट्रॉ: एकेकाळी बाईंचे सल्लागार, आणि १९७९ ते २०१५ त्यांच्याच ब्लॅकबर्नचे खासदार.